बिनतंबूचा गाडा

गेल्या जानेवारीत आम्ही चार दिवसांची रजा काढून जी वस्तू आणायला गेलो होतो, ती न घेताच परत आलो. सोसायटीत हे सगळ्यांना कळलं आहे, कारण जाण्याआधी सुधीरनं पार्किंगमध्ये तिच्यासाठी पांढऱ्या रंगानं जागा आखून ठेवली होती, चारही कोपरे काटकोनात. ती चौकट अजून रिकामी आहे आणि वॉचमन तिच्यात सायकल लावतो. जिन्यात, भाजीवाल्यापाशी, शाळेच्या स्टाफरूममध्ये लोक विचारतात, काय झालं त्याचं? म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

ती वस्तू म्हणजे जीपच्या मागे अडकवायचा ट्रेलर. दोन चाकं, वर पत्र्याची बुटकी पेटी. पेटीचं झाकण बिजागरीवर पुढे उलटलं की झाकण आणि पेटी मिळून आठ फुटांचा बिछाना होतो, आणि त्यावर चार कमानींवर कापडी तंबू उभा राहतो. दगडधोंड्यांच्या वाटेनं जाईल इतका दणकट, पण चार माणसांनी उचलावा इतका हलका. असं काही बाजारात मिळत नाही. सुधीरनं एका परदेशी मासिकात चित्र पाहिलं आणि आठ महिने बसून स्वतःचं ड्रॉइंग केलं. तो भोसरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात आहे. त्यामुळे आमच्याकडे पोळपाटाचीसुद्धा मापं लिहिलेली सापडतात.

ट्रेलर हवा होता तो माझ्यासाठी. कॉलेजात असल्यापासून मी डोंगर हिंडत आले. जुन्नरच्या चावंड, हडसर, जीवधन या किल्ल्यांवर तर इतक्या वेळा मुक्काम केला की तिथल्या पाण्याच्या टाक्यांपैकी कुठल्या टाक्याचं पाणी गोड हे मला पाठ होतं. चाळिशीत मणक्यातली गादी सरकली, ऑपरेशन झालं. पाठीवर ओझं घ्यायचं नाही आणि जमिनीवर झोपायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पुढची पाच वर्षं मी घराबाहेर झोपले ती फक्त नातेवाइकांच्या पलंगांवर. एका दिवाळीत मी याबद्दल जरा जास्तच कुरकुर केली असणार. सुधीर जेवता जेवता म्हणाला, "तुला जमिनीपर्यंत वाकता येत नाही ना, मग जमीन तुझ्यापर्यंत वर आणू." दुसऱ्या दिवशी त्यानं टेबलावर कागद अंथरला.

आळेफाटा

ट्रेलर बांधायला दिला होता आळेफाट्याला, मिलिंदकडे. दोन वर्षांपूर्वी आमच्या जीपचा सायलेन्सर तिथे गळून पडला, तेव्हा त्यानं तो वेल्डिंग करून दिला होता. त्याचं गॅरेज नाशिककडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि टेंपोच्या बॉडी ही त्याची रोजची कामं. पुण्यातल्या चार वर्कशॉपवाल्यांनी सुधीरचं ड्रॉइंग पाहून हसून परत दिलं होतं. मिलिंद हसला नाही. कागद उलटा धरून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, हे माल वाहायला न्हाई, माणूस वाहायला हाये, मग स्प्रिंगचे पाटे मऊ घालावे लागतील. सुधीरला तिथेच माणूस पटला.

गुरुवारी सकाळी पोहोचलो तेव्हा ट्रेलर गॅरेजच्या दारात उभा होता. हिरवा रंग, जीपचीच चाकं, जमिनीपासून चांगला वर उचललेला. मी त्याच्या भोवती दोनदा फिरले. सुधीरनं टेप काढून मापं घेतली आणि प्रत्येक मापाला मान डोलावली. मग त्यानं विचारलं, तंबू कुठे आहे?

मिलिंदनं हात पुसायला फडकं घेतलं आणि बराच वेळ हात पुसले. तंबूचं काम त्याच्या आत्याकडे होतं. ती लोणीला असते आणि ट्रकच्या ताडपत्र्या शिवते. छत आणि पुढची-मागची बाजू शिवून झाली होती. दोन्ही कुशींचं कापड अजून कापलंच नव्हतं, आणि आत्या लेकीकडे गेली होती ती शनिवारी येणार होती. फोन का नाही केला, असं सुधीरनं विचारल्यावर मिलिंद म्हणाला की केला असता तर तुम्ही आलाच नसता. हे इतकं खरं होतं की सुधीर पुन्हा टेप काढून मापं घ्यायला लागला.

जवळच्या हॉटेलात त्यानं आम्हाला मासवडी खायला नेलं. पुण्यात मासवडी म्हणून जे मिळतं ते खाऊन या पदार्थाबद्दल मत बनवलं असेल तर कृपा करून ते मागे घ्या. बेसनाच्या पातळ आवरणात तीळ, खोबरं आणि लसूण, आणि सोबत असा रस्सा की समोर बसलेले दोन ट्रक ड्रायव्हर जेवताना मधेमधे थांबून डोळे पुसत होते. जेवताना मिलिंदनं तोडगा काढला. रजा आहेच, तर गाडा असाच घेऊन जा. वाईट रस्त्यावर चालवून बघा. काही मोडायचं असेल तर आत्ताच मोडू दे, मी दुरुस्त करीन. सुधीर त्याला ट्रेलर म्हणतो, मिलिंद गाडा म्हणतो. पहिल्या दिवशीच मला गाडा हा शब्द जास्त आवडला.

निघताना मिलिंद म्हणाला की वाटेवरच ओझरचा गणपती आहे, नवी गाडी म्हणून पूजा करणार असाल तर करून घ्या. "आमी बौद्ध, आमच्यात न्हाई करत. पण तुमचं तुमी करा, गाडा तुमचा हाये." सुधीर काही देवभोळा नाही. पण आठ महिन्यांच्या ड्रॉइंगपुढे त्याचा नास्तिकपणा जरा डळमळलेला होता.

ओझर

ओझरच्या देवळाबाहेर जीपला कुणी विचारलं नाही. सगळी गर्दी गाड्याभोवती. दूध वाहायला आहे का, जनरेटर बसवणार का, बँडवाल्यांचा आहे का. हारवाल्या बाईनं तर सरळ विचारलं की यात बसून नवरदेव येणार का. झोपायला आहे म्हटल्यावर सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न केला: बिबट्याचं काय?

त्या वर्षी त्या भागात उसात बिबटे फार झाले होते. संध्याकाळ झाली की लोक गुरं आत घेत, आणि शेताला पाणी द्यायला जाताना तिघं-चौघं मिळून जात, मोठ्यानं बोलत. सुधीरनं चहाच्या टपरीवर समजावून सांगितलं की बिछाना जमिनीपासून तीन फूट उंच आहे. टपरीवाल्यानं शांतपणे आमचे ग्लास विसळले. "त्याला तीन फूट म्हंजे पायरी हाये, पावणं," तो म्हणाला.

त्यावर सुधीरनं वहीत काहीतरी टिपून घेतलं. काय ते मी विचारलं नाही.

पूजा झाली, हार घातला, नारळ फुटला. रात्री भक्तनिवासात खोली मिळाली, दोन लोखंडी पलंगांची. आपण चार दिवस उघड्यावर राहायला निघालो आणि पहिलाच मुक्काम पंख्याखाली, याचं मला हसू येत होतं. सुधीरला येत नव्हतं.

घाटघर

शुक्रवारी जुन्नर ओलांडून नाणेघाटाच्या दिशेनं निघालो. ज्यांनी हा रस्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्नर गाव सुटलं की थोड्याच वेळात उसाचा आणि द्राक्षांचा मुलूख संपतो आणि डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ सरकत येतात. डावीकडे धरणाचं पाणी बराच वेळ सोबत करतं. जानेवारीत ते इतकं स्तब्ध असतं की चावंडचा किल्ला त्यात उलटा दिसतो. मग वस्त्या लहान होत जातात, भातखाचरांत नुसती खुंटं उरलेली असतात, आणि हवेत गवताचा, शेणाचा आणि थंडीचा मिळून एक वास येतो. त्या वासासाठी मी पाच वर्षं झुरले होते. काच खाली करून बसले. सुधीर म्हणाला सर्दी होईल. मी म्हटलं होऊ दे.

रस्ता आम्हाला हवा तसाच होता, म्हणजे भयंकर. गाडा मागे नाचत होता आणि दर खड्ड्यानंतर सुधीर आरशात बघून "पाटे उत्तम" असं म्हणत होता. घाटघरच्या अलीकडे एक चढ लागला. चढाच्या मध्यावर जीप एकाएकी हलकी चालायला लागली. सुधीर खूश. "बघ, इंजिन तापल्यावर कशी मोकळी सुटली."

मी मागे वळून पाहिलं, तर उतारावर एक बाई दोन्ही हात वर करून आम्हाला बोलावत होती आणि तिच्या शेजारच्या खाचरात आमचा गाडा बसला होता.

हुकाच्या पिनेची क्लिप कुठेतरी उडाली होती, पिन वर आली होती आणि गाडा आपला सुटून मागे मागे जात, रस्त्याच्या कडेवरून उतरून, मऊ मातीत शांतपणे थांबला होता. ओझरचा हारही जागेवर. त्या वेळी मागून एखादी एसटी येत असती तर काय झालं असतं, ते दोघांच्याही मनात आलं. सुधीरचा चेहरा मात्र उतरला. खाचर त्या बाईचंच होतं. तिचं नाव हौसाबाई. तिचा नवरा कोंडाजीबाबा आणखी तिघांना घेऊन आला. चौघांनी चार कोपरे धरले, एक दोन तीन म्हटलं आणि गाडा उचलून रस्त्यावर ठेवला. हे पाहून सुधीरचा चेहरा परत उजळला. चौघांनी उचलावा असंच त्याच्या ड्रॉइंगवर लिहिलेलं होतं.

कोंडाजीबाबा म्हणाले, आज पुढं जाऊ नका, क्लिप शोधू, न्हाई घावली तर तारेनं बांधू. मग सुधीर आणि ते दोघं रस्त्यानं खाली बघत बघत निघून गेले. गाडा हौसाबाईच्या अंगणाबाहेर उभा होता. ती गोठ्यात होती. समोर जीवधनचा कडा, वर निळंभोर आभाळ, अंगाला ऊन. मी झाकण पुढे उलटलं, आम्ही आणलेली गादी अंथरली, डावा फाळका, म्हणजे पेटीची त्या बाजूची फळी, खाली पाडला, त्याच्या पायरीवरून चढले आणि आडवी झाले.

पाच वर्षांनी मी आभाळाखाली पाठ टेकली. पाठीला खाली घट्ट आधार होता, पाय झाकणावर. एक घार कड्याच्या रेषेवरून निघाली आणि माझ्या डोक्यावरून पार पलीकडे गेली. मी चक्क रडले. कुणी नव्हतं, म्हणून सावकाश रडले.

मग उठायला गेले आणि उठता येईना.

ज्यांची पाठ धड आहे त्यांना हे कळायचं नाही. ऑपरेशननंतर मला सरळ उठून बसता येत नाही. उजव्या कुशीवर वळायचं, उजवं कोपर रोवायचं, पाय कडेवरून खाली सोडायचे, मग धड आपोआप वर येतं. डाव्या कुशीवर वळलं की कळ डोक्यात जाते. घरी मी पलंगाच्या उजव्या कडेला झोपते, हे इतकं अंगवळणी पडलंय की त्याचा विचारही येत नाही. गाड्याला उतरायची बाजू डावीकडे होती. उजवीकडचा फाळका बाहेरून पिनांनी पक्का केलेला, मांडीपर्यंत उंच. मी कासवासारखी पडून राहिले.

अर्ध्या तासानं हौसाबाई आली, बांधावर टेकली आणि गप्पा मारायला लागली. पुण्यात पाणी किती वेळ येतं, मुलं किती, गाड्यात पाऊस शिरंल का. मी आडवी पडूनच उत्तरं देत होते. शेवटी तिनं विचारलं, "ताई, तुमाला उतरायचं न्हाई का उतरता येत न्हाई?"

मी खरं सांगितलं. ती उजवीकडे आली, फाळक्याच्या पिना काढून तो बाजूला ठेवला आणि खांदा पुढे केला. दोन मिनिटांत मी उभी होते. "दार चुकलंया," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

सुधीर परत आला तो क्लिप हातात नाचवत. कुठे सापडली, कशी सापडली, हे सांगताना तो कॉलेजातल्यासारखा दिसत होता. मग त्यानं गादी पाहिली. "झोपून पाहिलंस? कसं वाटलं?"

"फार छान," मी म्हटलं. आणि तेवढंच म्हटलं.

हौसाबाईनं नाचणीची भाकरी, हुलग्याचं कालवण आणि लसणीची चटणी वाढली. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करकरून वाढतात. तिथे कुणी आग्रह केला नाही, ताट रिकामं झालं की भाकरी नुसती येऊन पडायची. घरात एकच बाज होती, ती मला मिळाली. कोंडाजीबाबांनी स्वतःची घोंगडी खाली टाकली. माझ्यामुळे कुणाला जागा सोडावी लागू नये म्हणून तर गाडा बांधायचा होता. सकाळी मी हे हौसाबाईला बोलून दाखवलं. ती म्हणाली की म्हाताऱ्याला खालीच झोप लागती, बाज नुसती पावण्यांसाठी हाये. खरं असेल, नसेल. मी विश्वास ठेवला.

लोणी

शनिवारी आळेफाट्याला परतलो, मिलिंदनं पिनेला दुहेरी क्लिप घातली आणि आम्ही तिघंही बेल्ह्यावरून लोणीला निघालो. वाटेत त्यानं कबुली दिली. कापड अडलं होतं ते आत्या लेकीकडे गेली म्हणून नव्हे. तिनं ड्रॉइंग पाहून निरोप धाडला होता की ज्या बाईला यात झोपायचंय तिला घेऊन ये, तोवर कुशींचं कापड मी कापणार न्हाई.

"ड्रॉइंगमध्ये सगळी मापं आहेत," सुधीर म्हणाला.

"मी तेच म्हणलो," मिलिंद म्हणाला. "ती म्हणती, मापं गाड्याची हायेत."

नदी ओलांडेपर्यंत रस्त्याला ऊस होता. पुढे मुलूख कोरडा झाला. माळ, बाभळी, विहिरीपुरता कांदा आणि मधेमधे ज्वारीचे पट्टे, कणसं नुकती भरत आलेली. काल घाटघरला हिरवट सावली होती, इथे सगळं पिवळं आणि उघडं. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यातली आणि एका दिवसाच्या अंतरावरची, हे सांगूनही कुणाला पटणार नाही.

मिलिंदच्या आत्याचं नाव चंद्रभागाबाई, पण त्या वस्तीवर लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणतात. साठीची, उंच, डोळ्यांवर जाड चष्मा. नवरा ट्रक चालवायचा. त्याची ताडपत्री फाटली की ती शिवायची. पुढे इतर ट्रकवालेही तिच्याकडे यायला लागले, आणि तो वारल्यावर तेच तिचं पोट झालं. घरात बुद्धाची तसबीर, तिच्याखाली तीन जातींच्या सुया आणि मेणाचा गोळा. आमचा तंबू अर्धवट अवस्थेत भिंतीला टेकून उभा होता.

तिनं चहा दिला, अंगणातल्या बाजेकडे बोट केलं आणि मला म्हणाली, झोप. मी झोपले. म्हणाली, आता ऊठ. मी उठले. म्हणाली, पुन्हा. तीन वेळा तिनं मला झोपवून उठवलं आणि ती नुसती माझ्या कोपराकडे बघत होती. मग सुधीरकडे वळली.

"सायेब, दार कुठल्या बाजूला काढलंय?"

सुधीरनं समजावलं. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी राहते, म्हणून उतरायची बाजू डावी. उजवीकडे उतरलं तर वाहनांच्या अंगावर.

"रस्ता झोपणार हाये का त्यात?" आत्यानं विचारलं. "बाई उजव्या अंगानं उठती."

सुधीर म्हणाला, मग डोकं दुसऱ्या बाजूला करता येईल. मी गाड्यावर चढून तसं झोपून दाखवलं. तशी झोपले की पाठ झाकणावर येत होती. झाकण पाठीखाली हिंदकळत होतं आणि बिजागरी नेमकी कमरेत टोचत होती. दोन्हीकडे दारं करू, असं मिलिंद म्हणाला. त्यावर सुधीर म्हणाला, नको, दोन दारं म्हणजे पाणी आत यायला दोन वाटा. मग तो माझ्याकडे वळला.

"काल घाटघरला तुला उठता आलं होतं?"

"नाही."

"मग बोलली का नाहीस?"

मी म्हटलं, तू आठ महिने बसला होतास. तो वळला. ज्वारीच्या कडेनं चालत विहिरीपर्यंत गेला आणि तिथे उभा राहिला. मिलिंदला वाटलं साहेब रागावले. मला माहीत होतं की हा राग नाही. मी गेले तेव्हा तो म्हणाला, "आठ महिन्यांत मी तुझी उंची मोजली, वजन विचारलं, पायरीची उंची तुझ्या गुडघ्यावरून काढली. तू उठतेस कशी हे रोज सकाळी शेजारी पडून बघतो. आणि एकदाही विचारलं नाही." मी म्हटलं, मीही सांगितलं नाही. आत्यानं हाक मारेपर्यंत आम्ही विहिरीत बघत होतो. तळाला थोडंसं पाणी होतं आणि त्यात एक कासव.

नंतरचं काम झपाट्यानं झालं. फाळके पिनांवर होते, मिलिंदनं त्यांची अदलाबदल केली. आत्या कापड कापायला बसली. स्वतःची कंबर गेलेली असल्यानं ती जमिनीवर बसत नाही, वीट-लाकडाचा कट्टा करून घेतलाय. दोरा मेणावरून ओढून द्यायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी शेजारच्यांनी शेकोटीत कणसं भाजली आणि गरम हुरडा तळहातावर चोळून दिला, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. पुण्यात हुरडा खायला माणसं मोटारी करून जातात आणि तिथे सतरंज्या, झोपाळे असतात. इथे नुसत्या राखेनं काळ्या झालेल्या ओंजळी होत्या. सुधीरनं कणसं भाजायचा नीट अभ्यास केला आणि दोन जाळली.

रविवारी दुपारी बाराच्या सुमारास तंबू उभा राहिला. खाकी जाड कापड, आत गेलं की उन्हाचा रंग मधासारखा. दार उजवीकडे. मी चढले, झोपले, उजव्या कुशीवर वळले, कोपर रोवलं, पाय सोडले. तळवे पायरीला लागले. कुणाचा हात लागला नाही. सुधीर तीन पावलांवर उभा होता आणि त्यानं हात मुद्दाम मागे बांधून घेतले होते.

आम्हाला दोनला निघायचं होतं, सोमवारी दोघांनाही कामावर हजर व्हायचं होतं. तेवढ्यात आत्या म्हणाली, थांब, मला आतून शिवण बघू दे. ती चढली, आडवी झाली, वर हात लावून शिवण चाचपली आणि डोळे मिटले. आम्हाला वाटलं क्षणभर. पाच मिनिटांनी तिचा श्वास संथ झाला होता. मिलिंद म्हणाला, काल रात्रभर शिवत होती, झोपलेली न्हाई, उठवू का? सुधीरनं घड्याळ पाहिलं, मग ते मनगटावरून काढून खिशात टाकलं आणि ज्वारीच्या बांधावर बसला. मी चहा टाकला. आम्ही तिघं तो सावकाश प्यायलो. दोन वाजले, अडीच वाजले. वाऱ्यानं तंबूची एक बाजू आत-बाहेर होत होती.

तीन वाजता आत हालचाल झाली. आत्या उठली ती डाव्या अंगानं, आणि तिचं डोकं थेट बंद कापडावर आपटलं.  मग ती उजवीकडून, अवघडत, चष्मा सावरत बाहेर आली.

सुधीर वही घेऊन तिच्यासमोर उभा राहिला होता. "आत्या, तुम्ही नेहमी डाव्या अंगानं उठता?"

"आमचं लुगडं आवरायचं असतंया, उजवा हात मोकळा लागतो," ती म्हणाली.

त्यानं ते लिहून घेतलं. मग मिलिंदला म्हणाला की दुसरा फाळकाही पायरीचा कर आणि डावीकडेही दार ठेवू. मिलिंदनं विचारलं, पाणी शिरायचं काय? सुधीर म्हणाला, वर झडप देऊ, ते माझं मी बघतो, पण गाडा मग आज नेता यायचा नाही. मग जरा संकोचून त्यानं आत्याला विचारलं, पहिल्या खेपेला तुम्ही याल का, नाणेघाटाला जाणार आहोत.

आत्यानं तंबूकडे बघितलं. "यात जागा दोघांचीच हाये ना?"

"मी जीपमध्ये झोपेन," सुधीर म्हणाला.

 तिनं कट्ट्यावरची पातळ कात्री उचलली, तंबूच्या डाव्या कुशीशी उभी राहिली आणि सकाळीच घातलेली शिवण एकेक टाका करून उसवायला लागली.